एकतीस नंबरची उडी

माझ्याकडे माझ्याच चपलांचे बेचाळीस फोटो आहेत आणि ते सगळे अतिशय स्पष्ट आले आहेत. डाव्या चपलेची शिवण अंगठ्यापाशी उसवली आहे, हे मला त्या फोटोंमुळेच कळलं.

हे फोटो मी बारामतीबाहेरच्या एका माळावर, मोटरसायकलच्या शर्यतीत काढले. या शर्यतीत पोरं मुरमाच्या ढिगावरून गाडीसकट हवेत उडतात आणि (आयोजकांच्या म्हणण्यानुसार) बहुतेक वेळा गाडीसकटच खाली येतात. त्या पोरांमध्ये छातीवर एकतीस नंबर लावलेला माझा मुलगा ओंकार होता.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी भवानीनगरला राहते, शाळेच्या कार्यालयात काम करते. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, ओंकार पुण्याला नोकरीला. घरात मी आणि माझ्या याद्या. याद्यांची सवय मला पहिल्यापासूनच, पण बोलायला कुणी उरलं नाही तशा त्या लांबत गेल्या. सकाळी कामं लिहायची, संध्याकाळपर्यंत एकेक खोडायचं. 'दळण', 'गॅस', 'टाकीचा नळ' हे सगळं खोडलं जायचं. 'ओंकारला फोन' हे मात्र रोज उद्याच्या यादीत जायचं. दोन वर्षांपूर्वी त्याने ती गाडी घेतली तेव्हा मी म्हणाले होते, "तुझी शर्यत बघायला मी येणार नाही. दवाखान्यात बघायला येईन." वाक्य फार छान जमलं होतं. इतकं छान, की त्यानंतर आमच्यात बोलण्यासारखं फारसं काही राहिलंच नाही. तो दिवाळीला यायचा, जेवायचा, भाजी चांगली झाली म्हणायचा आणि जायचा.

म्हणून एका बुधवारी त्याचाच फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "कुठं लागलंय?"

"कुठं नाही. आई, एक काम होतं."

काम असं होतं. पुण्यातल्या एका संघात एक जागा रिकामी झाली होती. अर्जाबरोबर शर्यतीतला, उडी मारतानाचा, नंबर नीट दिसेल असा एक फोटो रविवारी संध्याकाळी सातच्या आत पाठवायचा होता. त्याचे फोटो काढणारा मित्र नेमका बहिणीच्या लग्नात अडकला होता. कॅमेरा ओंकारचा स्वतःचा. तो एसटीने पाठवतो म्हणाला. जमेल का, असं त्याने दोनदा विचारलं.

दोन वर्षांत पोराने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. फोटो मिळाला तर त्याला संघात जागा होती, आणि मला वाटलं, मिळाला तर मलाही कुठंतरी होईल. मी "जमेल" म्हणाले. तोपर्यंत मला फक्त झेरॉक्स जमत होतं.

कॅमेरा आला. मी तेवीस मुद्द्यांची यादी केली. ओंकारने फोनवर पाऊण तास शिकवलं. शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग ठेवायचा, बटण दाबून धरलं की फोटो धडाधड निघतात, गाडी जाते तसं कंबरेतून वळत कॅमेरा तिच्याबरोबर न्यायचा. मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. (कळली होती पहिल्यांदाच.)

सरावासाठी आधी शेजारच्या तात्यांची शेळी घेतली. तात्या म्हणजे यजमानांबरोबर कारखान्यात वजनकाट्यावर होते ते. शेळीने दोन तासांत एकदाही पाय हलवला नाही. मग मी उसाच्या ट्रॉल्यांकडे वळले आणि तात्यांना अभिमानाने फोटो दाखवला.

"वैनी, ह्यो ट्रॅक्टर चाललाय का उभा हाय?"

"चाललाय. पळती वस्तू फोटोत थांबवायची, हेच तर कसब आहे तात्या."

"मग ट्रॅक्टरवाल्याला हात करायचा की. थांबतोय त्यो."

शेवटी मला दूधवाले सापडले. आमच्या घरासमोरच्या गतिरोधकावरून ते कॅनसकट असे उडतात, की त्यांनी संघात अर्ज केला असता तर ओंकारचं काही खरं नव्हतं. मी फाटकाआड उभी राहून त्यांना टिपायला लागले. शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही चाकं हवेत आली. शनिवारी सकाळी कॅनच्या झाकणाशी उडालेला दुधाचा थेंबसुद्धा आला. त्याच फेरीतला एक दूधवाला गाडी वळवून माघारी आला आणि आईची शपथ घेऊन सांगू लागला, की त्याच्या दुधात पाणी नसतं, पुढच्या गल्लीतल्याच्या दुधात असतं, फोटो काढायचे तर त्याचे काढा. शनिवारी संध्याकाळपासून सगळ्या दूधवाल्यांनी रस्ता बदलला. माझी तयारी पूर्ण झाली होती.

रविवारी तात्या सोबत आले. जावयाने दिलेला नवा मोबाईल त्यांना बाहेर न्यायचाच होता. मी डब्यात भरली वांगी आणि भाकरी घेतली होती, सहा माणसांची. माळावर धूळ, भोंगे आणि गर्दी. ओंकार हेल्मेट काखेत धरून आला. वाळला होता. त्याने मला सगळ्यात मोठ्या ढिगासमोर दोरीपाशी उभं केलं, कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात नीट अडकवला आणि म्हणाला, "मी दिसलो की दाब. सोडू नको."

"नाही सोडणार," मी म्हणाले.

पहिला गडी आला, उडाला, मी टिपला. दुसरा, तिसरा, चौथा. हात अजिबात हलला नाही. कुणाच्या हेल्मेटवरचं चित्र, कुणाच्या बुटाची नाडी, सगळं स्वच्छ. मला वाटलं, इतकी वर्षं मी शाळेत दाखले लिहीत बसले ते चुकलंच.

मग एकतीस नंबर आला. मी बटण दाबलं. गाडी ढिगावर चढली, जमीन संपली आणि माझं पोर आभाळात गेलं.

पुढचं मी ठरवून केलं नाही. डोळे मिटले गेले, कॅमेरा गळ्यात लोंबकळला, आणि माझे दोन्ही हात त्याच्या दिशेने हवेत फिरून कानशिलावर आले. कडाकडा बोटं मोडली गेली. बाळंतिणीच्या खोलीतल्या आजीबाईने घ्यावी तशी मी शर्यतीत पोराची आलाबला घेत होते.

डोळे उघडले तेव्हा तो खाली उतरून वळणापलीकडे गेला होता. पुढच्या फेरीला मी स्वतःला बजावलं. पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला दात दाबून बघितलं, चौथीला रामरक्षा म्हणून बघितली (तिच्यामुळे उलट हात लवकर सुटले). सहाव्या फेरीला बोटांतून आवाज यायचा बंद झाला. तरी मला आशा होती. हात सुटेपर्यंत बोट बटणावर होतं, फोटो निघतानाचा आवाजही मी ऐकला होता. माझे डोळे मिटले म्हणून काय झालं, कॅमेऱ्याचा तर उघडा होता.

तो उघडाच होता. मी हात सोडत होते आणि तो खाली येत येत जे दिसेल ते टिपत होता.

शर्यत संपल्यावर ओंकार माझ्याशेजारी मातीत बसून फोटो बघायला लागला. बाकीची पोरंही जमली. "काकू, ह्यो मी हाय," "काकू, मला पाठवा," असा गलका झाला. दुसऱ्यांची सतरा पोरं मी अशी टिपली होती, की त्यांच्या आयांनी ओवाळावं. मग ओंकारचे फोटो आले. मागच्या चाकाचा तुकडा. आभाळ. साडीचा काठ. मग चप्पल, चप्पल, चप्पल. सहाही फेऱ्यांचं असंच. पोरं हळूहळू पांगली.

"आई, ही चप्पल कुणाची?"

"माझी."

"स्पष्ट आली आहे."

त्याने कॅमेरा बंद करून मांडीवर ठेवला. मीच म्हणाले, "तू वर गेलास की मला बघवत नाही रे." हे वाक्य अजिबात छान जमलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हेच म्हणायचं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. साडेपाच वाजले होते. पुन्हा उडी मारायची सोय नव्हती, आयोजक दोरी गुंडाळत होते.

तात्या खाकरले. "म्या एक काढलाय. पर त्यो वैनींचा हाय."

वैनी अधूनमधून असं काय करतायत हे घरी बायकोला दाखवावं, म्हणून त्यांनी चौथ्या फेरीला बाजूने माझा फोटो काढला होता. त्यात पुढे मी. डोळे घट्ट मिटलेले, तोंड वाकडं, मुठी कानशिलावर, पोटावर कॅमेरा. आणि माझ्या उजव्या खांद्यावर, जास्तीत जास्त उंचीवर, ओंकार. एकतीस नंबर दुकानाच्या पाटीसारखा ठळक.

ओंकारने मोबाईलवर मला कापून काढायचा खूप प्रयत्न केला. पण माझं कोपर त्याच्या मागच्या चाकात गेलं होतं. मला काढलं की चाक जात होतं, आणि एका चाकाच्या माणसाला संघात कोण घेणार? सातला दहा मिनिटं कमी असताना फोटो तसाच गेला.

गाड्या न्यायला आलेला टेम्पो थांबेना, म्हणून ओंकारने उभ्याउभ्या अर्धी भाकरी खाल्ली आणि तो पुण्याला गेला. वांगी चांगली झाली आहेत म्हणाला. घरी आल्यावर मी पाच माणसांचं उरलेलं फ्रिजमध्ये लावलं आणि त्या सतरा पोरांना त्यांचे फोटो पाठवत बसले. त्यांनी नंबर लिहून दिले होते. मोबाईल सारखा वाजत होता. "थँक्यू काकू." "काकू, एक नंबर." एवढा आवाज घरात कित्येक दिवसांत झाला नव्हता. प्रत्येक वेळी मी लगबगीने बघायचे आणि प्रत्येक वेळी तो दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा असायचा.

ओंकारचा फोन मंगळवारी दुपारी आला. मी कार्यालयात होते, तशीच व्हरांड्यात गेले.

"घेतलं मला," तो म्हणाला. मग म्हणाला, पुढची शर्यत इंदापूरला आहे, तू ये, तात्यांनाही आण. मी येते म्हणाले. ठेवायला हवा होता फोन, पण दोघांनीही ठेवला नाही.

"त्यांनी एकच विचारलं," तो म्हणाला. "फोटोत पुढे उभ्या आहेत त्या बाई कोण."

"मग काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. आमच्या फोटोग्राफर."