आरतीनंतरची ईमेल

श्रावण सरला तरी डब्याच्या तळाशी मूठभर भगर उरतेच. आमच्या जळगावच्या एकादशी मंडळाच्या किश्श्यांचं तसंच आहे. कितीही सांगा, थोडे उरतातच! त्यातले बरेचसे लिपस्टिकच्या संकटाचे.

आमच्या प्रमिलाताईंचे यजमान भाऊ, भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले. आलेली प्रत्येक ईमेल ते छापून ताईंच्या हाती देतात. एका एकादशीला ताईंनी आरतीनंतर वाचायला घेतलं, "लिपस्टिकमध्ये शिसं! त्याने कॅन्सर! सगळ्या मैत्रिणींना पाठवा!"

आता आरतीनंतर वाचतात ती कहाणीच, ही आमची सवय. सगळ्यांनी हातात अक्षता घेतल्या, भक्तिभावाने ऐकलं. ताई थांबल्या तशी मागून एकजण म्हणाली, "सुफळ संपूर्ण!"

ईमेलवर अक्षता पडल्या!

हसलो, पण धसका बसलाच. फटका बसला तो आमच्यातल्याच कल्पनाला. घराच्या पुढच्या खोलीत एक आरसा, एक फिरती खुर्ची, एवढंच तिचं पार्लर. त्यावरच तिचं घर चालतं. ऐन लग्नसराईत खुर्ची रिकामी! मी देवापुढे रोज तिच्या नावाची एक वात जास्त लावू लागले.

*

त्याच ईमेलमध्ये परीक्षाही सांगितली होती. लिपस्टिकवर सोन्याची अंगठी घासा, काळी रेघ उमटली तर शिसं आहे समजा. जळगावात सोन्याला काय तोटा! घरोघरी घासाघाशी सुरू. रेघ उमटली की किंकाळी!

माझी सून शांतपणे उठली, माझीच अंगठी घेऊन भिंतीवर घासली. तिथेही काळी रेघ!

"आई, आजपासून भिंतही ओठांना लावायची नाही हं!"

तरी खात्री हवी म्हणून मी सराफाकडे गेले. तो हात जोडून म्हणाला, "वहिनी, सोनं कशावरही घासलं की रेघ उठतेच. कसोटी सोन्याची घेतात हो, सोन्याने नाही!"

*

धुळ्याच्या माझ्या नणंदेकडे ईमेल गेली ती डिओने कॅन्सर होतो अशी. तिने घरातल्या सगळ्या बाटल्या फेकल्या. भर मे महिन्यात तिचे यजमान एसटीने जळगावला आले. बस खचाखच भरलेली.

"दगदग झाली असेल," मी म्हटलं.

"छे! धुळ्यापासून शेजारची सीट रिकामीच. पाय पसरून आलो!"

*

मी तरी कुठे शहाणी? कोल्ड क्रीम बंद केलं आणि बेसनात सढळ हाताने हळद कालवून तोंडाला फासली. दार उघडलं तर दूधवाला हरखून म्हणाला, "काकू, कोणाचं लग्न काढलं? दूध वाढवू का?"

*

पुढे एक एकादशी कल्पनाकडे होती. भजन झालं. सगळ्यांना पाणी देता देता ती हळूच म्हणाली, "खुर्चीला गिऱ्हाईक आलंय. उद्या घेऊन जातील." प्रमिलाताई पदराचं टोक पिळत बसल्या.

आमच्या अक्का मंडळात सगळ्यात थोरल्या, ऐंशीच्या घरातल्या. जन्मात कुंकवाशिवाय काही लावलं नाही. त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि थेट त्या खुर्चीत जाऊन बसल्या. आरशात बघून म्हणाल्या, "लाव वं माय, लाल लाव!"

एकच गलका झाला. "अक्का, शिसं असतं!" "अक्का, पोटात जातं हो ते!"

"बठ्ठ्या चूप ऱ्हा!" अक्का सगळ्यांवर गरजल्या. मग कल्पनाकडे वळून, काळजीच्या सुरात, "माले इतलंच सांग, उपासले चालस ना?"

कल्पना लिपस्टिकचं टोपण काढत होती. तिच्याआधी प्रमिलाताईच बोलल्या,

"साबुदाण्याइतकी चालते, अक्का! आणि जरा लवकर आटपा, तुमच्यानंतर माझा नंबर आहे!"