पट्टा टिकलेला उंदीर

सगळे ज्यांना उंदीरमामा म्हणत, त्या मामांनी उभ्या नोकरीत एकही उंदीर म्हातारा होऊन मेलेला पाहिला नव्हता. प्रयोगशाळेच्या तळघरातल्या उंदरांच्या खोलीत त्यांचे केस पिकले. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि वरून निरोप आला की मारायचं. मानेमागे बोट रोवायचं, शेपूट धरून झटका द्यायचा. त्यांचा हात इतका बसला होता की उंदराला चीं करायलाही सवड मिळत नसे.

उंदरांचा वास मात्र अंगाला चिकटला तो चिकटलाच. साबण झिजला, वास गेला नाही. सुनेने त्यांचं ताट मागच्या गॅलरीत, ओल्या कपड्यांखाली मांडलं, त्या दिवशी ती म्हणाली होती, "मामंजी, राग मानू नका, पण घास घशाखाली उतरत नाही हो."

मुलगा मान खाली घालून म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा. तिथे वारा तरी छान येतो."

मामा गॅलरीत गेले आणि मग रोजच जात राहिले.

पुढे संशोधक बाईंनी पांढऱ्या उंदरांच्या पाठीवर काळ्या उंदरांच्या कातडीचे तुकडे शिवले. मामांनी विचारलं, "बाई, हे ठिगळ कशाला?"

"परकं कातडं शरीर ठेवून घेत नाही, मामा. रक्तातल्या राखणदार पेशी त्याच्यावर तुटून पडतात, ते वाळून झडतं. पण त्याच पेशींमधल्या काही जणी एक द्रव्य सोडतात. त्याने बाकीच्या गप्प बसतात. अशा पेशी मी बशीत वाढवल्या, त्या ज्या पाण्यात वाढल्या ते गाळून घेतलं. अर्ध्या उंदरांना ते टोचायचं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. बघू कोणाचं कातडं टिकतं."

"म्हणजे भांडणात 'जाऊ द्या, जाऊ द्या' म्हणणारा एक जण असतो, तसं."

बाई हसल्या. "अगदी तसंच."

"आमच्याकडे आहे एक. पण तो मलाच गप्प बसवतो."

नुसतं पाणी टोचलेल्यांचे तुकडे लवकरच खपलीसारखे निघाले. द्रव्य टोचलेल्यांचे बरेच दिवस राहिले, पण हळूहळू तेही काळवंडून पडले. एकाचाच राहिला. त्याच्या पांढऱ्या पाठीवर काळा पट्टा रुजला, त्यावर तुकतुकीत काळे केस आले. मामा त्याला ठिपक्या म्हणायचे.

"हा माझा हुकमाचा एक्का," बाई म्हणाल्या. "याला मारायचं नाही, मामा. आपल्या मरणाने मरेपर्यंत सांभाळायचा. पट्टा किती टिकतो ते बघायचं."

मामांना दोनदा विचारावं लागलं. "मारायचंच नाही?"

"पट्टा आहे तोवर नाही."

तेव्हापासून मामांचा पाय तळघराकडे लवकर वळू लागला. ते तळहातावर सूर्यफुलाची बी ठेवत आणि ठिपक्या येऊन हातावरच बसून खाई. पण पिंजऱ्यात तो एकटा असे. सोबत दुसरा असला की तो टाके कुरतडतो, म्हणून शिवलेल्या प्रत्येकाला वेगळं ठेवायचा नियमच होता. बी संपली की ठिपक्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. मामांना ते बघवत नसे.

एका संध्याकाळी निरोप आला की ज्यांचे तुकडे झडले ते सगळे मारा. मामांनी मारले. शेवटी एक उरला, कानाला खाच असलेला, ठिपक्याच्याच विणीतला भाऊ. परके नर एकत्र आले की रक्त काढतात हे मामांना ठाऊक होतं. पण हे तर एका कुशीत वाढलेले! टाकेही कधीच विरघळलेले. एक रात्र ठिपक्याला सोबत मिळेल, सकाळी याला मारू, असं म्हणत त्यांनी भावाला ठिपक्याच्या पिंजऱ्यात सोडलं. दोघांनी एकमेकांना हुंगलं. मामा दिवा मालवून घरी गेले.

सकाळी भुसा लाल झाला होता. भाऊ पाण्याच्या नळीशी बसून मिशा साफ करत होता. ठिपक्या जिवंत होता, पण पाठीवर पट्टा नव्हता. तिथे ओलं मांस होतं.

बाई आल्या. त्यांनी चिमट्याने जखमेची कड उचलली. "झडलेलं नाही. खाल्लंय." मग दुसऱ्या उंदराच्या कानाची खाच पाहिली. "मामा, हा इथे कसा?"

"एकटा होता, बाई. म्हटलं, भाऊ आहे..."

"वेगळे झाल्यावर कसला भाऊ? पुन्हा भेटले की ते परकेच." बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आता याचा मला काय उपयोग? निदान पोटातली पाणथरी तरी ताजी मिळू दे, त्या राखणदार पेशी तिच्यात असतात. आत्ताच करा."

"जखम भरेल, बाई. मी बघतो त्याच्याकडे. कोपऱ्यात पडून राहील."

"पट्टा आहे तोवर म्हटलं होतं मी."

मामांनी आधी भावाला मारलं. मग पिंजऱ्यात हात घातला. ठिपक्या लंगडत आला, हातावर चढला आणि बी शोधू लागला.

मामांचा हात बसलेला होता. बोट मानेमागे आपसूक गेलं.

संध्याकाळी सून म्हणाली, "मामंजी, गॅलरी धुतलीय, ओली आहे. आज आमच्यातच बसा."

मुलानेही पाट सरकवला. "या ना बाबा."

मामांनी दोघांकडे पाहिलं. मग आपलं ताट उचललं, ओल्या गॅलरीत गेले आणि आपल्यामागे दार ओढून घेतलं.