चेरीची सोयरीक

आमच्या गावच्या काळ्या जमिनीत कापूस येतो, ज्वारी येते, तूर येते. चेरी येत नाही. हे कळायला शेतकीच्या शाळेत जावं लागत नाही, वैशाखात अनवाणी शेतात गेलं की तळपाय सांगतात. पण माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, पाच गावांत शहाणे म्हणून ओळखले जात, आणि शहाण्या माणसाला साधी गोष्ट सांगायची सोय नसते.

हिवाळ्यात साहेबाचा दौरा निघाला की शिरपूरच्या अलीकडच्या आमराईत तंबू पडत. मामाजी एकदा तिथं सलामाला गेले. साहेबाच्या मडमेनं त्यांच्यापुढं केकचा तुकडा ठेवला. केकात अंडं असतं म्हणून मामाजींनी तो बाजूला सारला, पण केकवर बसवलेलं लाल फळ धर्मात बसतं असं त्यांनी जागच्या जागी ठरवून टाकलं. ते एक फळ खाऊन घरी आले आणि तीन दिवस त्याचीच गोष्ट सांगत राहिले.

"बोरासारखं असते, पन बोर नाही. द्राक्षासारखं असते, पन द्राक्ष नाही."

"मंग हाय तरी काय?" सासूबाईंनी चुलीपुढून विचारलं.

"तुले नाही समजनार."

पुढं कितीतरी वर्षांनी मला तसली बरणीतली चेरी खायला मिळाली. पाकात भिजवलेलं रबर म्हटलं तरी चालेल. पण तेव्हा मामाजींनी ठरवलं होतं की वऱ्हाडातली पहिली चेरी त्यांच्या विहिरीवर लागणार, आणि पुढच्या दौऱ्याला तिची परडी साहेबाच्या टेबलावर जाणार.

गावात पेन्शन घेऊन बसलेले एक हेडमास्तर होते. इंग्रजी येणारे ते एकटेच, त्यामुळं त्यांचं इंग्रजी बरोबर आहे की चूक हे कुणालाच सांगता येत नसे. वर उत्तरेत, डोंगरात, विलायती फळझाडांची कलमं विकणारा एक बागवाला आहे असं त्यांनी शोधून काढलं. पत्र गेलं, कॅटलॉग आला. मग रोज दुपारी ओसरीवर मामाजी आणि मास्तर तो कॅटलॉग मांडून बसू लागले. मास्तर वाचत, मराठी सांगत आणि सांगितलेलं एका वहीत उतरवून ठेवत. मी आतून चहा पाठवत होते आणि ऐकत होते.

चेरीच्या जाती एक-दोन नव्हत्या. कुणाला बादशहाचं नाव, कुणाला लाटसाहेबाचं. एका जातीचं भाषांतर मास्तरांनी 'काळं काळीज' असं केलं.

"हे नाव काटा," मामाजी म्हणाले. "असं नाव असलेली सून मी घरात आनत नाही."

हे बोलताना त्यांनी दाराआड माझ्याकडं का पाहिलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

खरी गंमत पुढं आली. कॅटलॉगात लिहिलं होतं की चेरीचं एकटं झाड फळत नाही, शेजारी दुसरं लागतं. ते त्याच जातीचं असून भागत नाही. जाती वेगळ्या असल्या तरी काहींचं आपसात जमत नाही, म्हणून त्यांचे गट पाडले होते आणि एका गटातल्यांनी एकमेकांच्या वाटेला जायचं नव्हतं. मास्तरांनी हे वाचलं तशी मामाजींनी मांडीवर थाप मारली.

"सगोत्र. पहा मास्तर, साहेबाच्या मुलकातल्या झाडाले बी गोत्र समजते. साहेबालेच समजत नाही."

आता आमच्या मामाजींचा हात पाच गावांच्या सोयरिकींमध्ये होता. मेडशीची पोर जऊळक्याला द्यायची असो की आणखी कुठं, त्यांच्या सुपारीवाचून गोष्ट पुढं सरकत नसे. त्यामुळं पुढचं सगळं त्यांना एकदम सोपं झालं. फळ केवढं, किती टिकतं, पावसात तडकतं का, झाड ऊन किती सोसतं, हे सारं कॅटलॉगात होतं. मामाजींनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते घराणं. आई कोण, बाप कोण, मामेकूळ कुठलं. मास्तरांनी इंग्रजीत काय लिहिलं देव जाणे, पण बागवाल्याचं उत्तर आलं. तो सज्जन माणूस असावा. त्यानं कळवलं की तुमच्याकडच्या हवेत मुळात चेरी लावूच नये असा माझा सल्ला आहे. तरी लावायचीच असेल तर एक जात आहे, ती त्यातल्या त्यात उष्णता सोसते. मात्र ते झाड कुणाच्या तरी बांधावर आपसूक उगवलेलं सापडलं होतं, त्याचे आईबाप ठाऊक नाहीत.

मामाजींनी पत्र खाली ठेवलं. "बापाचा पत्ता नाही अन् आमच्या घरी द्याले निंगाला."

अशा रीतीनं, जी जगण्याची थोडीफार शक्यता होती ती बेवारस म्हणून बाद झाली. महिनाभर चर्चा करून जी दोन कलमं ठरली, ती दोन्ही खानदानी होती. एक काळ्या फळाचं, तो नवरदेव. एक पिवळसर गोऱ्या फळाचं, ती नवरी. नवरदेवाचा बहर उतरल्यावर नवरीचा सुरू होतो, असं तळटिपेत होतं. मास्तरांनी ते दोनदा वाचून दाखवलं.

"नवी जोडी हाय. वळख व्हाले येळ लागतेच," मामाजी म्हणाले.

झाडाला हिवाळ्यात भरपूर थंडी लागते, असंही होतं. त्यावर मामाजींनी पौषातल्या शेकोटीचा दाखला दिला आणि तो विषय मिटला.

इथवर मला हसू येत होतं. मग मास्तरांनी लागवडीचं पान काढलं. त्यात असं होतं की जागा ओलिताची पाहिजे, ऊन मोकळं पाहिजे, जवळ मोठं झाड नको. आमच्याकडं बारमाही ओलिताची जागा एकच, विहिरीजवळची. आणि तिथं सासूबाईंचा आंबा होता.

तो आंबा काही फार गुणाचा नव्हता. गावरान, शेपूच्या वासाचा, दोरे दोरे असलेला. घरातली माणसं त्याला नावं ठेवून खात. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या झाडाची कोय त्यांनी पदरात आणली होती आणि विहिरीच्या पाटाकाठी पुरली होती. पुढं तापाच्या साथीत त्यांचे वडील गेले, दोन्ही भाऊ गेले, घराला कुलूप लावायलाही कुणी उरलं नाही. आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावातल्या सगळ्या लेकी-सुना माहेरी निघाल्या की सासूबाई डोक्यावर घागर घेऊन विहिरीवर जात. आंब्याखाली आपल्या वडलांच्या नावानं घागर ठेवत, पहिला आंबा तिच्यापुढं ठेवत, दिवसभर तिथंच बसत आणि दिवेलागणीला घरी येत. पितरांची घागर बायकांनी मांडायची रीत नाही. पण त्यांच्या वडलांच्या नावानं मांडणारा बाप्या कुणी उरलाच नव्हता, म्हणून सगळे न पाहिल्यासारखं करत. कुठं गेल्या होत्या म्हणून मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. "माहेरी," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

तो आंबा तोडायचा असं मामाजींनी ठरवलं. सुतारही सांगून ठेवला. सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांना उलट बोलायची सवय नव्हती. मला त्यांची फार माया होती असं नाही. माझ्या हातच्या भाजीला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही आणि माझ्या माहेरच्यांना उभ्या जन्मात गूळपाण्यापलीकडं काही दिलं नाही. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि मला मामाजींचा असा राग आला की हातातलं ताट आपटावंसं वाटलं.

मी चार यत्ता शिकलेली होते, हा माझा घरात एक दोषच धरला जाई. या वेळी त्याचा उपयोग झाला. मास्तरांचं अक्षर मामाजींना लागत नसे, म्हणून ती वही स्वच्छ उतरवून काढायचं काम माझ्याकडं आलं. मी सगळं इमानदारीनं उतरवलं. खत, पाणी, खड्डा, जिथलं तिथं. फक्त 'ऊन मोकळं पाहिजे, जवळ मोठं झाड नको' च्या जागी मी 'जवळ मोठ्या झाडाची सावली हवी' असं लिहिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. आठ दिवस मला मास्तर ओसरीवर दिसले की घाम फुटे. पण ऐकलेल्यापेक्षा लिहिलेलं खरं मानणाऱ्या मामाजींनी वाचलं, मान डोलावली आणि सुताराला नको म्हणून निरोप गेला.

पौषात जऊळका स्टेशनवर पार्सल उतरलं. गवतात गुंडाळलेल्या दोन काटक्या. एकीलाही पान नव्हतं. मामाजींनी मुहूर्त पाहिला, गूळखोबरं वाटलं आणि आंब्याच्या सावलीत सोयरीक लागली. कोण नवरदेव अन् कोण नवरी, हे चिठ्ठ्या ओल्या झाल्यामुळं कळेनासं झालं होतं, म्हणून मामाजींनी जाड काटकीला नवरदेव ठरवलं. पाणी घालायचं काम सासूबाईंवर आलं. त्यांनी ते रोज, दोन्ही वेळा, एकही खाडा न करता केलं. ज्यांच्यापायी आपला आंबा जाणार होता त्यांना त्या घागरी भरभरून पाजत होत्या. मी असते तर कढत पाणी घातलं असतं.

फाल्गुनात दोन्ही काटक्यांना पानं फुटली. मामाजींना तेवढं पुरे झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला विहिरीवर नेऊन ते पानं मोजून दाखवत आणि परडी केवढी विणायची याची बोलणी करत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. चैत्र लागला, वारा तापला, आणि नवरी आधी गेली. पानांच्या कडा करपल्या, मग पानं, मग काटकी. नवरदेव आठ दिवस विधुर राहून तिच्यामागं गेला.

मामाजी कॅटलॉग घेऊन मास्तरांकडं गेले, कारण शहाण्या माणसाचं कलम मरतं तेव्हा चूक पुस्तकाची असते. मास्तरांनी मूळ पान पुन्हा वाचलं. मोकळं ऊन, मोठं झाड नको. मामाजी घरी आले तेव्हा माझी वही त्यांच्या हातात होती.

"हे कोनं लिवलं?"

मला माहेरी पाठवून देतील आणि परत आणणार नाहीत, एवढंच मला दिसत होतं.

"म्या लिवाले लावलं," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना ठाऊकही नव्हतं मी काय लिहिलं ते. त्यांना अक्षर येत नव्हतं. मामाजींनाही ते ठाऊक होतं, पण बायकोनं समोरासमोर उत्तर दिल्याचाच त्यांना धक्का बसला असावा.

"तुह्या ह्या आंब्यापायी माही चेरी मेली. उद्या सुतार येते. आंबा तोडतो अन् नवी जोडी मांगवतो."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. उष्णतेनं मेलेलं झाड त्यांनी सावलीच्या खात्यावर टाकलं होतं.

सासूबाई उठल्या नाहीत. निवडत होत्या ते डाळीचं सूप तेवढं त्यांनी खाली ठेवलं.

"तोडा ना. तुमचंच हाय. पन आपल्या लग्नात तुमच्या वडलानं माह्या बापाले शबद देल्ला होता, पोरीले दर आखजीले माहेरी धाडीन म्हून. आखजी चार दिसावर आली. मले कुठी धाडता ते सांगा, मंग तोडा."

पाच गावांच्या पोरी कुठं धाडायच्या ते मामाजींना सांगता येत होतं. या वेळी त्यांनी वही कोनाड्यात ठेवली आणि बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सुतार आला नाही, आणि कुणी त्याला का आला नाहीस असं विचारलंही नाही.

आखजीला सासूबाई घागर घेऊन गेल्या. दुपारी मी त्यांना भाकरी द्यायला विहिरीवर गेले, तर पांदणीच्या वाटेनं मामाजी येताना दिसले. धुवट धोतर, ठेवणीतलं पागोटं, खांद्यावर उपरणं. स्वतःच्या लग्नातल्या मानपानावरून रुसून बसले ते सासरवाडीला पुन्हा कधी गेलेच नव्हते. समजूत काढायला त्यांचे सासरे जिवंत राहिले नाहीत आणि यांचा रुसवा तसाच राहून गेला. आंब्याजवळ आल्यावर त्यांनी वहाणा बाजूला काढल्या, घागरीला वाकून नमस्कार केला आणि जावयानं बसावं तसे सासूबाईंनी अंथरलेल्या घोंगडीच्या मधोमध बसले. सासूबाईंनी पदर नीट केला आणि आंबा धुऊन त्यांच्या हातात दिला.

मामाजींनी तो चोखला. "आंबट हाय," ते म्हणाले.

"जावायाले गोड लागलं काय कधी सासऱ्याच्या घरचं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मामाजींनी मान वर केली नाही. त्यांनी दुसरा आंबा मागून घेतला.