बुधीचं नाक

बुधी बाटली आधी कानाला लावायची, मग उजेडाकडे धरायची, आणि नाक सगळ्यात शेवटी. तोंडाला कधीच नाही. "तोंड कशालाबी हो म्हणतं, बाय," असं तिचं म्हणणं.

ती साखरशेतची. जांभळाच्या दिवसांत पाटी घेऊन जव्हारला आमच्या दारी यायची. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. कुठल्याशा मासिकात कृती वाचून मी जांभळाची वाइन घालायला लागले होते. सासूबाईंना सांगितलं होतं, पाचक आहे. त्या जेवणानंतर दोन चमचे घेत आणि तिसरा घेऊ का म्हणून विचारत.

पहिल्या वर्षीच्या सहा बाटल्या मी घट्ट बुचं मारून, वर मेण ओतून फळीवर मांडत होते. शेवटच्या बाटलीला बूच मारायचं तेवढं राहिलं होतं. बुधीने पाटी उतरवली आणि ती बाटली उचलून कानाशी धरली.

"ही अजून बोलते. हिला कोंडू नको."

तिचं ते 'तू' मला खटकलं. तिच्याकडे कलेक्टरलाही 'तू'च म्हणतात, हे मला ठाऊक होतं, पण मी कलेक्टरहून मोठी होते. मी तिला किण्वन म्हणजे काय ते पंधरा मिनिटं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं, जांभळांचे पैसे घेतले आणि गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी माजघरात बार उडाला. छत जांभळं, भिंत जांभळी, सासूबाईंचं वाळत घातलेलं पांढरं पातळ जांभळं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पाचकाला अपचन झालं वाटतं."

मी बाजारात बुधीला शोधत गेले. चूक कबूल करायला नव्हे हो, उरलेल्या पाच बाटल्या वाचवायला.

तेव्हापासून दरवर्षी माझ्या बाटल्या ती तपासू लागली. बुडबुड ऐकू आली तर ती अजून जागी. उजेडात रंग विटकरी दिसला, वर साय धरली, तर गेली. बुचाला ओल्या गोणपाटाचा वास आला, तर बूच सडलं. आणि नाकात बारीक सुई टोचल्यासारखं झालं, तर आंबली. "आंबली तं भाजीत घाल. फेकू नको. पन कोनाला देऊ नको."

हे 'कोणाला' म्हणजे कोण, ते मला उशिरा कळलं. तिच्याकडे पहिली धार जमिनीवर, पितरांना. मग आपण. म्हणून चव घेऊन बघायची सोय नाही, उष्टं होतं. नाकानेच ठरवायचं. "खराब दिलं तरी ते बोलत नाय," ती म्हणाली होती. "बोलत नाय म्हनूनच बघून द्यायचं."

तिचा मुलगा किसन भिवंडीला बांधकामावर होता, तिथेच वरून पडून गेला. त्याला माझी जांभळाची फार आवडायची. पाटी वाहून आणली की मजुरी म्हणून पेलाभर मागायचा. त्यानंतर दरवर्षी पितरांच्या दिवशी बुधी यायची, सगळ्या बाटल्या कानाला, उजेडाला, नाकाला लावायची आणि एक निवडून पदराखाली घेऊन जायची. किसनसाठी.

करोनात ती तापाने पडली, बरी झाली. पुढच्या पितरांना आली तेव्हा नुसती वाळून गेली होती. तिने एक बाटली काढली, बराच वेळ नाकाशी धरली आणि म्हणाली, "चांगली हाय."

मी बूच परत बसवायला बाटली हातात घेतली आणि तो आंबूस भपकारा थेट माझ्या डोळ्यांत गेला. पाणी आलं. जन्मभर समोरच्याची चूक काढून पोट भरलेली मी, नुसतं बूच दाबत राहिले.

"डोळ्याला पानी का, बाय?"

"कांदा चिरला ना आत्ता."

तिने ओट्याकडे पाहिलं. कांदा नव्हता. विळीसुद्धा भिंतीला टांगलेली होती. ती जमिनीवर बसली.

"नाक गेलं माझं," ती म्हणाली. "तापात गेलं ते आलंच नाय. वाटलं, हात नेमका चांगलीवरच पडंल. तूच सांग, त्याला काय वतत होती मी?"

मी ती बाटली भाजीच्या टोपलीशेजारी नेऊन ठेवली. ती म्हणाली, "आता तू बघ."

"मला कुठे येतं?"

"पंधरा मिनटं शिकवलं होतं नं मला? मंग बघ."

मग पासष्टी ओलांडलेली मी जमिनीवर तिच्यासमोर बसले आणि ती मला विचारत गेली. कानाला काय ऐकू येतं? रंग कसा? बूच काय म्हणतं? सुई टोचली? तिसऱ्या बाटलीला मी म्हटलं, ही चांगली आहे. तिने पुन्हा विचारलं नाही. पदराखाली घेतली आणि गेली.

खरं सांगते, मला खात्री नव्हती. अगदी बारीकसं काहीतरी नाकाला लागल्यासारखं वाटलं होतं. पण ती इतकी दमली होती, की चौथी बाटली उघडायचं मला जिवावर आलं. कशी निघाली, ते तिने कधी सांगितलं नाही. सांगणार कशी, तिला वास कुठे येत होता? आणि दुसरा घेणारा बोलत नाही.

यंदा होळीच्या आधी बुधी गेली. पितरांच्या दिवशी मी सगळ्या बाटल्या पिशवीत घालून साखरशेतला गेले. अंगणात तिची सून उभी होती. मी पहिली बाटली ऐकली, उजेडात धरली, हुंगली आणि बाजूला ठेवली. दुसरीही ठेवली.

"आजी, असंल चांगली," सून म्हणाली. "आता कोन बघतं?"

मी तिसरीचं बूच काढलं आणि पुन्हा कानापासून सुरुवात केली.