कामठीतली कबर

आयर्लंडमध्ये, किल्डेअर काउंटीतल्या नास गावात माझी घरमालकीण एक म्हातारी होती आणि तिला एकच ध्यास लागला होता. तिच्या आजोबांचा भाऊ इंग्रजांच्या पलटणीतून हिंदुस्थानात गेला, नागपूरजवळ कामठीला स्थायिक झाला आणि परत आलाच नाही. घराण्याच्या थडग्यावर सगळ्यांची नावं कोरलेली, परदेशात पुरलेल्यांचीसुद्धा, गावासकट. फक्त याचं नव्हतं. तिचं हृदय कमजोर होतं. आपल्या आधी त्याचं नाव लागावं, एवढंच तिला हवं होतं.

मी पडलो नागपूरचा. माझे बाबा शोधतील, असं मीच उत्साहात बोलून बसलो.

बाबा वैतागले. "दुसऱ्याचे मेलेले काहून शोधायला लावून राहिला मला? कमरेएवढं गवत आहे त्या गोऱ्यांच्या कबरस्तानात. अन् आल्यावर आंघोळ केल्याशिवाय तुझी आई घरात घेत नाही."

तरी ते स्कूटर काढून जायचे. रविवारी मी फोन लावला, की म्हातारी स्वयंपाकघरात तेच ते कप पुसत उभी राहायची. मी फोनच्या वायरीएवढ्या जागेत येरझाऱ्या घालायचो. मला वेगळीच धाकधूक होती. मी इथेच घर घ्यायचं ठरवलं होतं आणि बाबांना सांगायला जीभ रेटत नव्हती.

एका रविवारी बाबा म्हणाले, "सापडली. त्याचं नाव आहे, बायकोचं आहे. अन् खाली लिहिलं आहे, काउंटी किल्डेअरचा."

मी तिला सांगितलं. ती खुर्चीत बसली. "ग्रँड, ग्रँड," म्हणजे छान झालं, असं म्हणत राहिली आणि रडायला लागली. मलाही भरून आलं.

"रडते का ती?" बाबांनी विचारलं.

"हो."

"रडू दे. पुरा जन्म इथं काढला बिचाऱ्यानं, अन् दगडावर गाव तिकडचं."

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. "बाबा, मी इथे घर घेतोय."



"घे," ते म्हणाले. "चांगलं बघून घे. फक्त एक ध्यानात ठेव. आपल्यात दगड नसतो. मागाहून नाव कोरून भागत नाही. पोरालाच यावं लागते, अन् वेळेवर यावं लागते."

कॉलिंग कार्डावरचे पैसे संपेपर्यंत मी नुसता हं, हं करत राहिलो.