उघड्या डोळ्यांचा फोटो

देवाकडे काही मागावं की नाही, याचा निकाल माझ्या मनात बरीच वर्षं लागला नव्हता. घरात पूजा होती, ती मी करतही असे. पण हात जोडले की मन रिकामं व्हायचं. शकू झाल्यानंतर तर मी मागणं मुद्दामच टाळू लागलो. मागितलं आणि मिळालं नाही, तर उरलीसुरली पूजाही हातून सुटेल, अशी भीती वाटायची.

शकू आमची एकुलती मुलगी. ती उशिरा चालायला लागली, बोलायला त्याहून उशिरा, आणि बोलली तेही मोजकंच. शाळेत तिला घेतलं नाही. मी स्वतः नगरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवणारा, पण माझी मुलगी दिवसभर ओट्याजवळ बसून आईचं लाटणं फिरताना बघत असे. तिचे डोळे जरा तिरके, बदामासारखे होते. एखादी गोष्ट आवडली की ती त्या डोळ्यांनी इतकं निवांत बघायची, की समोरचं माणूस आपोआप हळू बोलायला लागे. बाहेरची माणसं मात्र तिच्याकडे बघतच नसत. तिच्याबद्दल विचारायचं असलं तरी बघायची आमच्या तोंडाकडे. "हिला समजतं का हो काही?" असं तिच्यादेखत विचारत.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय जन्मतःच अधू आहे, फार वर्षं काढणार नाही. घरी आल्यावर, शकूला झोपवून झाल्यावर ही, म्हणजे शकूची आई, म्हणाली, "अहो, हिचा एक फोटो काढून घेऊ. डोळे उघडे असलेला."

डोळे उघडे, असं ती का म्हणाली ते मला ठाऊक होतं. हिचं माहेर पाथर्डीकडचं, शेतकरी घर. त्या बाजूला तेव्हा फोटोवाला घरी यायचा तो लग्नाला, नाहीतर माणूस गेल्यावर. लहान मूल गेलं की त्याला अंगडं-टोपडं घालून भिंतीशी टेकवून बसवायचे आणि एक फोटो काढून घ्यायचे, कारण त्याआधी कधी काढलेलाच नसायचा. मग स्टुडिओत बारीक कुंचल्याने मिटल्या पापण्यांवर डोळे रंगवायचे. हिच्या धाकट्या बहिणीचा तसला फोटो माहेरच्या माजघरात होता. "त्या डोळ्यांत कुणीच नाही," असं ही म्हणायची. लहानपणी त्या फोटोखालून जाताना ती पळत जायची.

आम्ही शकूला नवा फ्रॉक घालून बाजारातल्या एका स्टुडिओत नेलं. फ्लॅश उडाला आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पुन्हा काढला, तर डोळे घट्ट मिटलेले. मग फोटोग्राफर म्हणाला, "मास्तर, मान धरा हिची." मी धरली. ती रडली नाही, पण तिच्या मानेखालची शीर माझ्या बोटांना उडताना लागत होती. तोही फोटो मिटल्या डोळ्यांचाच आला. गृहस्थ वाईट नव्हता, मदतच करू बघत होता. म्हणाला, "काळजी करू नका, आपण रंगवून देऊ. आम्ही वारलेल्यांचे डोळे उघडून देतो, ही तर जिवंत आहे."

हिने शकूला कडेवर घेतलं. "मी पाहिलेत माझ्या पोरीचे डोळे," ती म्हणाली. "तुम्ही कुठे पाहिलेत ते रंगवायला?"

त्यानंतर आम्ही आणखी एका स्टुडिओत जाऊन पाहिलं. तिथे शकू दाराच्या आतच यायला तयार होईना.

दुष्काळाची सालं होती. हिने मढीच्या कानिफनाथांना मनात काही बोलून ठेवलं होतं; काय, ते मी विचारलं नाही. एका अमावास्येला आम्ही तिघं निघालो. तिसगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी माणसं खडी फोडत बसली होती, आणि एस.टी.च्या खिडकीतून शकू त्या सगळ्यांना हात करत होती. गडाच्या पायऱ्या मी तिला पाठीवर घेऊन चढलो. तिचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. वर पोचेपर्यंत मला दोनच गोष्टी कळत होत्या, तो श्वास आणि माझी चीड. ज्याने हे हृदय असं घडवलं, त्याच्याच दारी ते मी चढवून नेत होतो.

दर्शनानंतर शकू उंबऱ्यापाशी बसून राहिली. पुजारी म्हातारे होते. येणारा माणूस वाकला की त्याच्या कपाळाला अंगारा लावायचे आणि डोक्यावर क्षणभर तळवा ठेवायचे. शकू ते बघत होती. उठवलं तरी उठेना. शेवटी पुजारीच हसून म्हणाले, "बसू द्या वो तिला. तिचं काय ओझं व्हतंय?"

उन्हं कलल्यावर आम्ही बाहेर पटांगणात आलो. तिथे एक गृहस्थ एकटेच देवळाच्या शिखराचा फोटो काढत होते. मध्यम वय, पांढरा शर्ट, गळ्यात पेटीसारखा कॅमेरा. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि मग शकूकडे पाहिलं. मला ते लगेच जाणवलं, कारण तसं कुणी करत नसे.

"बाळ, तुझा फोटो काढू का?" त्यांनी तिलाच विचारलं.

मी घाईघाईने म्हणालो, "नको, ती डोळे मिटते. स्टुडिओतही जमलं नाही."

"मिटू द्या की," ते म्हणाले. "चढून दमली असेल."

तो कॅमेरा डोळ्याला लावायचा नव्हता. पोटाशी धरून, मान खाली घालून, वरच्या काचेत बघायचं. ते शकूच्या समोर गेले, थांबले आणि कॅमेऱ्यावर वाकले. आणि शकूला वाटलं, हा माणूस आपल्याला नमस्कार करतो आहे.

हे मला पुढे कितीतरी वेळा आठवून उमगलं असं नाही, तिथल्या तिथेच दिसलं. ती ताठ उभी राहिली. एरवी सतत हलणारी मान थांबली. तिने उजवा हात उचलला, तळवा त्या वाकलेल्या डोक्याकडे धरला, आणि मावळतीचं ऊन सरळ तोंडावर असताना डोळे पूर्ण उघडून त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्यासमोर आजवर कुणी वाकलं नव्हतं. कॅमेऱ्याचा बारीकसा आवाज झाला. गृहस्थांनी मान वर केली नाही. तसेच वाकून राहिले, आणि शकूने पुढे होऊन त्यांच्या केसांवर हात ठेवला.

ही पदराने तोंड दाबून उभी होती. माझे हात जोडले गेले होते. कुणाला, ते सांगता येणार नाही. पण त्या वेळी मन रिकामं नव्हतं.

"पाठवतो," ते म्हणाले. मी शाळेचा पत्ता सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला नाही. "राहील लक्षात," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

फोटो आला नाही. शाळेत टपाल आलं की मी शिपायाच्या हाताकडे बघायचो. पावसाळा सुरू झाला, आणि श्रावणातल्या एका सकाळी शकू झोपेतच गेली.

हिचे मोठे भाऊ पाथर्डीहून धावत आले. बाहेर लोक जमले होते. दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "दाजी, फुटूवाल्याला आनू का? आत्ताच काय ते करा. नंतर कायबी हातात राहत न्हाई."

माझा धीर सुटला. त्या परक्या माणसाने पत्ता लिहूनसुद्धा घेतला नव्हता. मी म्हणणार होतो, आणा. पण आतून ही म्हणाली, "दादा, नको. तिचा फोटो काढलेला आहे."

"कुठंय पन? दाव की."

"यायचाय," ती म्हणाली.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी माझ्या हातात माझ्या मुलीचा चेहरा राखायचा एकच मार्ग होता, आणि तो सोडायचा तर ज्याचं नावही ठाऊक नाही अशा कुणावर तरी सगळं टाकून द्यावं लागणार होतं. मी म्हणालो, "ती म्हणतेय तसंच." आणि आम्ही शकूला तशीच नेली.

पुढचे महिने कसे गेले ते लिहिता येत नाही. तिचा चेहरा आठवायला बसलं की तो निसटायचा. आवाज आठवायचा, केसांचा वास आठवायचा, डोळे मात्र नेमके येत नसत. मी रोज सकाळी पूजेला बसून आता मागत होतो. उघड मागत होतो, भीक मागावी तसं. काही दिवसांनी ते मागणंही थकलं. उरलं ते इतकंच, की तुझ्याकडे आहे ना ती, मग असू दे.

दिवाळी होऊन गेल्यावर पाकीट आलं. आत दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेला फोटो. पत्र नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही, शिक्का पुसट. मी शाळेत तो उघडला नाही, घरी नेला. हिने पुठ्ठा बाजूला केला. मग हळूच, हाक मारावी तशी म्हणाली, "शके."

शकू बघत होती. तिची तीच नजर, निवांत, हात उचललेला. आणि तिच्या पायांपाशी, ऊन समोरून आल्यामुळे, फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. मान खाली घातलेली, वाकलेली. त्यांचा चेहरा मला आज आठवत नाही. ती सावली तेवढी आमच्याकडे आहे.

ते कोण होते, हे शोधायचा मी प्रयत्न केला नाही. सज्जन गृहस्थ होते आणि शब्द पाळला, एवढं म्हटलं तरी माझी कृतज्ञता कमी होत नाही. शकू परत आलेली नाही. तिची ओढ अजून तशीच आहे, संध्याकाळी जास्त. पण जे आपल्या हातात ठेवता येत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात नीट असू शकतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

फोटोला हार घालायचा नाही, असं हिचं म्हणणं आहे. दर अमावास्येला ती नुसतं गंध लावते. एक बोट शकूच्या कपाळाला, आणि मग जरा खाली वाकून, एक त्या सावलीला.