भाऊजींनी न पाहिलेला सिनेमा

आमच्या भाऊजींना सिनेमाचं संगीत जीव की प्राण आणि सिनेमाचं मात्र वावडं. पानावर बसायचं नाही, नुसता फोडणीचा वास घ्यायचा, असला हा प्रकार. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, माणूस जरा सटकलेला दिसतो. नंतर कळलं की सटकलेले बाकीचे सगळे आहेत, भाऊजी त्यातल्या त्यात बरे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा दुरुस्त करतात. घराची तळमजल्यावरची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. भिंतीला टेकून सोफ्यांचे उघडे सांगाडे उभे, कोपऱ्यात काथ्याचे गठ्ठे आणि फोमचे तुकडे, आणि कितीही झाडा, जमिनीवर कापसाचे पुंजके लोळतच असतात. काम करताना भाऊजींच्या तोंडात मूठभर बारीक खिळे असतात. जिभेने एकेक पुढे सरकवायचा, ओठातून काढायचा आणि कापडावर ठोकायचा. तोंडात खिळे असले की माणसाला बोलता येत नाही, पण कान मोकळे असतात. त्यामुळे दुकानात सकाळपासून काही ना काही वाजत असतं.

ऐकायला त्यांना काहीही चालतं. बँडच्या धुना चालतात, बैठकीतलं संथ गाणं चालतं, ज्या भाषेचा गंधही नाही त्या भाषेतल्या नावाड्यांची गाणी चालतात, तरुण पोरांचा धडधडाटही चालतो. आमचे हे म्हणजे भाऊजींचे सख्खे थोरले भाऊ, पण यांना बातम्यांखेरीज दुसरा आवाज खपत नाही. "याच्या कानाला कसली चवच नाही," असं म्हणत हे जिना चढून वर जातात. गाढवाला गुळाची चव काय, हे तोंडावर आलेलं मी दरवेळी गिळते, कारण गाढव आमचंच आहे.

पण भाऊजींचा खरा जीव अडकलेला असायचा तो सिनेमातल्या बिनशब्दांच्या संगीतात. गाण्यांमध्ये नव्हे. पडद्यावर कोणी चालतंय, कोणी वाट बघतंय, तेव्हा मागे जे हळूच वाजत असतं त्यात. त्याच्या कॅसेटी ते कुठून कुठून शोधून आणत. आणि त्यातला एकही सिनेमा पाहत नसत. कारण विचारलं तर म्हणायचे, "शब्द आले, चित्र आलं, की ते दुसऱ्याचं घर झालं वहिनी. नुसत्या वाद्यांत आपल्याला बसायला जागा असते."

मग त्या जागेत ते स्वतःचा सिनेमा मांडत. आणि तो सांगत धाकटीला. धाकटी म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. शिवणयंत्र तिचं, ठोकाठोक त्यांची. ती खोळी शिवायची आणि हे खिळे हातावर काढून घेऊन सांगायचे: आता बघ, म्हातारा जिन्यावर थांबलाय, आता त्याला कोणीतरी हाक मारतंय. ती मान हलवायची, यंत्र चालू ठेवायची.

त्यातली एक धून सगळ्यांत लाडकी. मांडीशी उभं धरून वाजवतात ते मोठं व्हायोलिन आधी एकटंच बोलतं, संथ, आणि बऱ्याच वेळाने त्यात बासरी येते. भाऊजींचं चित्र असं: पाहुणे गेलेत, घर रिकामं झालंय, एक बाई खोल्याखोल्यांतून फिरत खिडक्या लावतेय. शेवटची खिडकी ती लावत नाही. तिथेच बसते. ती बसली की बासरी येते.

आता खरं काय ते सांगते. तो सिनेमा धाकटी आणि मी पाहिला होता. ती नवी नवरी होती, मला घरातून निसटायला सोबत हवी होती, म्हणून दुपारी दोघी गेलो. सिनेमा विनोदी. ती धून येते तिथे एक ढेरपोट्या चोर खिडकीत अडकलाय, आणि बाहेरून त्याचा साथीदार त्याचे पाय धरून ओढतोय. ओढता ओढता बूट हातात येतो आणि साथीदार चिखलात उताणा. सगळं कसं दुःखी संगीतावर, म्हणून तर थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी.

पुढे काही वर्षांनी भाऊजी ती कॅसेट घेऊन आले आणि त्यांनी खिडकीतल्या बाईची गोष्ट सांगितली. धाकटी उठून स्वयंपाकघरात माझ्याकडे आली आणि ओट्याला धरून हसत राहिली. म्हणाली, "खिडकी तेवढी बरोबर ओळखली हो ताई त्यांनी." मग डोळे पुसून म्हणाली, त्यांना कधी सांगू नका, त्यांचं चित्र त्या सिनेमापेक्षा बरं आहे. मी कबूल झाले. पोटात काही न राहणारी बाई म्हणून माझी ख्याती, पण एवढं एक राहिलं.

धाकटी गेली ती लांबलेल्या आजारात. मागच्या खोलीत तिची खाट होती, मधलं दार उघडं ठेवलेलं. रोज दुपारी ती तीच धून लावायला सांगायची. भाऊजी लावायचे, तिच्या पायाशी येऊन बसायचे आणि हलक्या आवाजात सांगायचे, आता पहिली खिडकी, आता दुसरी. ती डोळे मिटून ऐकायची. बासरी यायच्या जरा आधी तिच्या ओठांवर हसू यायचं. भाऊजी मला म्हणायचे, वहिनी, बघा, तिला खिडकी सापडली.  मी तिथून उठून जायची.

ती गेल्यावर भाऊजी सावरले ते त्या धुनेच्या आधाराने. रडारड केली नाही, कामही थांबवलं नाही. दुपारी एकदा ती धून लावायची आणि तेवढा वेळ हातोडी खाली ठेवायची, एवढंच.

आणि मग त्यांच्या लेकीने, आमच्या ठकीने, घोटाळा केला. ठकीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. जाण्यापूर्वी बाबांना काहीतरी मोठं द्यायचं तिच्या मनात होतं. जुनं थिएटर दुरुस्त होऊन उघडलं होतं आणि रविवारी जुने सिनेमे दाखवत होते. त्यात बाबांच्या लाडक्या धुनेचा सिनेमा लागलेला. पोरीला वाटलं, देवच पावला. तिकिटं काढून मोकळी.

भाऊजींनी नाही म्हणून सांगितलं. ठकी रुसली. मी मध्ये पडले, अगं त्यांना नाही आवडत, राहू दे. तर ती माझ्यावरच उखडली, म्हणाली, आई होती तेव्हा कधी कुठे गेले नाहीत, आता तरी जाऊ दे ना त्यांना. संध्याकाळी दुकानात भाऊजी एकटे होते. मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? त्यांनी तोंडातले खिळे हातावर काढले.

"वहिनी, ती त्या खिडकीत बसलीय. मला रोज दिसते. तो सिनेमा पाहिला तर तिथे दुसरंच कोणीतरी येऊन बसेल. मग तिला मी कुठे शोधू?"

 तिथे कोण येऊन बसणार हे मला चांगलं ठाऊक होतं.

पण लेकीच्या तोंडाकडे पाहून ते तयार झाले. मी शेवटचा उपाय म्हणून गुडघेदुखीचं नाटक करून पाहिलं, तर ठकीने रिक्षा बोलावली. गेलो तिघं. मधल्या खुर्चीत भाऊजी. बसण्याआधी त्यांनी सवयीने खुर्चीची गादी दाबून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

ती धून सुरू झाली तशी त्यांनी डोळे मिटून घेतले. मला हायसं वाटलं. पण लोक हसायला लागले. एक बाई खिडक्या लावतेय यात हसण्यासारखं काय, म्हणून त्यांनी डोळे उघडले. पडद्यावर चोराचं ढुंगण. साथीदार ओढतोय. ठकी खळखळून हसली, आणि बाबांकडे पाहताच तिचं हसू जागच्या जागी विरलं. तेवढ्यात बूट निघाला, साथीदार चिखलात पडला, आणि वर बासरी आली.

भाऊजी पडद्याकडे बघत राहिले. बासरीच्या जरा आधीच धाकटीला हसू यायचं. ही वेळ त्या माणसाने खाटेशी बसून रोज पाहिली होती. कोणी सांगायची गरजच नव्हती.

"हिने हा पाहिला होता," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

मी हो म्हटलं. 

दुसऱ्या दिवसापासून दुकान मुकं झालं. हातोडी तेवढी वाजायची. बँड नाही, नावाडी नाहीत, काही नाही. वरून आमचे हेसुद्धा म्हणाले, अगं, खाली जाऊन बघ, बरं वाटत नाही का त्याला. ठकी बॅग भरत होती आणि भरता भरता रडत होती. तिला वाटत होतं की आईची उरलीसुरली आठवण आपण आपल्या हाताने मोडली. शेवटी मीच खाली गेले. बोलायचं ते ठरवून गेले होते. म्हटलं, भाऊजी, ती चोराला हसायची, तुम्हाला नाही. तुमचं चित्र त्या सिनेमापेक्षा बरं आहे, असं ती मला म्हणाली होती, म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसले.

ते ऐकून घेत होते. मग खिळे काढून खुर्चीच्या कडेवर ठेवले.

"हसली त्याचं वाईट नाही वाटलं," ते म्हणाले. "शेवटच्या दिवसांत तिला हसू येत होतं, चांगलंच झालं की. पण मी आयुष्यभर तिला सांगत राहिलो, आता हे बघ, आता ते बघ. तुला काय दिसतं, हे एकदा नाही विचारलं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. दोघं मिळून हसलो असतो."

 मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, नवरा-बायकोला सगळं एकच दिसायला लागलं तर लग्नाला दोन माणसं कशाला लागतात? आमच्या ह्यांना काय दिसतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि त्यांना कळलंय की नाही याचीही शंका आहे. भाऊजी जरासे हसले. पण तेवढ्यावर त्यांनी सोडलं नाही.

ते उठले आणि त्यांनी ती धून लावली. मोठं व्हायोलिन सुरू झालं. ते हातोडी हातात न घेता माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"वहिनी, तुम्हाला काय दिसतं यात?"

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तसं मी सांगणारही होते. पण या घरात इतकी वर्षं मी बोलत आले, सगळ्यांच्या वाटचं बोलले, आणि तुला काय दिसतं असं मला कोणी विचारलेलं नव्हतं. मी डोळे मिटले. मला चोर दिसेल असं वाटलं होतं. चोर नाही दिसला, बाईही नाही. मला शेजारच्या खुर्चीतली धाकटी दिसली. नवी नवरी, पडद्याच्या उजेडात चेहरा उजळलेला, हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबलेला, आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट असं घट्ट धरलेलं की बांगडी रुतावी. भाऊजींनी तिला असं कधीच पाहिलं नव्हतं. ते पाहिलेलं माणूस जगात मी एकटीच उरले होते.

मी त्यांना ते सांगितलं. सांगता सांगता थांबले आणि पदराने डोळे पुसले.

"पुढे?" भाऊजी म्हणाले.

ठकी जिन्यावरून उतरून दारात येऊन उभी राहिली होती. भाऊजींनी तिला हाताने बस म्हणून खुणावलं. मी सांगत गेले, आणि धून संपली तेव्हा त्यांनी ती पुन्हा लावली.